शंका-समाधान : दंड लिहिताना

मागच्या अंकात नोमिक या खेळाची ओळख करून दिली. त्यानंतर जी पत्रं आली त्यांतली निम्म्याहून अधिक भांडणाची निघाली. मला बरंच वाटलं. भांडण झालं म्हणजे खेळ नीट लागला.

तो अंक ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी दोन ओळी. या खेळात नियम बदलणं हीच चाल. अमेरिकेतल्या अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पीटर सबर यांनी तो रचला आणि डग्लस हॉफस्टॅटर यांनी जून १९८२मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो लोकांपुढे आणला. सुरुवातीला नियम २९. त्यांतले १०१ ते ११६ हे १६ अचल, २०१ ते २१३ हे १३ चल. आपली पाळी आली की एक ठराव मांडायचा, मतं घ्यायची, फासा टाकून गुण मिळवायचे. आधी १०० गाठेल तो जिंकला. पहिल्या दोन फेऱ्यांत ठरावाला सगळ्यांचं एकमत लागतं, पुढे साधं बहुमत पुरतं. पत्रांतली सगळी भांडणं त्या ‘पुढे’नंतरची आहेत, आणि जवळजवळ सगळी दंडावरून आहेत.

सुट्टीत भाचे-पुतणे मिळून सहा जण आमच्याकडे नोमिक खेळतात. ठराव सुचेपर्यंत मुलं अर्धा-अर्धा तास काढायची, म्हणून ‘पाच मिनिटांत ठराव न मांडल्यास १० गुण दंड’ असा नियम केला. रात्री नऊला मी जेवायला हाक मारली की डाव संपतो आणि तेव्हा ज्याचे गुण जास्त तो जिंकतो, असं आमचं ठरलंय. आता सगळ्यांत पुढे असलेला पुतण्या आठ वाजल्यापासून मुद्दाम वेळ काढतो आणि दंड हसत हसत भरतो. दंड ५० करू का?
— एक काकू, डोंबिवली

काकू, ५० करू नका. पुतण्याने दंड भरलाच नाही, त्याने तिकीट काढलं.

इस्राएलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांत केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. यूरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २०००मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. १० पैकी ६ पाळणाघरांनी १० मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी पालकांना बाईंपुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. आता त्या ओशाळेपणाची किंमत ठरली आणि ती परवडणारी निघाली. गंमत पुढेच आहे. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वपदावर आला नाही.

माझा धंदा गृहनिर्माण संस्थांचे उपविधी लिहून देण्याचा, त्यामुळे हा प्रयोग मी हैफाला न जाता पाहिला आहे. एका सोसायटीने पाहुण्यांच्या जागेत गाडी लावणाऱ्या सभासदाला महिना ५०० रुपये दंड ठरवला. दुसऱ्याच दिवशी एक सभासद कार्यालयात आले, ६,००० रुपयांचा चेक दिला आणि म्हणाले, “वर्षाचा आगाऊ घ्या, पावती तेवढी फाडा.” चिटणिसांनी फाडली! त्या पावतीवरून पुढे जो पत्रव्यवहार झाला त्यावर माझं एका दिवाळीचं भागलं.

तुमच्या घरी चोरी होते आहे ती वेळेची, आणि दंड कापला जातोय गुणांत. जी वस्तू बळकावली तिच्यातच वसुली करा. पाच मिनिटं झाली की पाळी पुढच्याकडे; ठरावही गेला, फासाही गेला. आणि नऊच्या हाकेला डाव थांबवू नका, चालू फेरी पुरी करा. पानं पाच मिनिटं उशिरा वाढली तरी चालतील. वेळ काढून काही हाती लागत नाही हे कळलं की पुतण्याला ठराव आपोआप सुचायला लागतील.

क्रिकेटवाल्यांनाही हे उमगायला बराच काळ लागला. षटकं संथ टाकली म्हणून कर्णधाराच्या मानधनातून रक्कम कापली जायची. ती कापून घेऊन षटकं संथच पडत राहायची. टी-ट्वेंटीत आता एक षटक संपल्यावर ६० सेकंदांत पुढचं सुरू करायला तयार व्हावं लागतं. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा समोरच्या संघाला ५ धावा. १२ जून २०२४ला न्यू यॉर्कमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या. अमेरिकेच्या संघाचा उशीर तिसऱ्यांदा झाला आणि त्या ३५च्या ३० झाल्या. आपला मुंबईकर सौरभ नेत्रावळकर तेव्हा अमेरिकेकडून खेळत होता. रोहित आणि विराट दोघांनाही त्यानेच बाद केलं होतं. त्याच्या मेहनतीवर घड्याळाने पाणी फिरवलं. वाईट वाटलं, पण दंड म्हणून तो चोख होता. सगळ्यांना दिसणारं घड्याळ, आधी दिलेली ताकीद आणि त्याच सामन्यात वसुली.

राहिला ५० गुणांचा प्रश्न. सिमा च्यान या चिनी इतिहासकाराने इसवी सनपूर्व २०९मधली एक हकीकत लिहून ठेवली आहे. ९०० माणसं सरहद्दीच्या चाकरीवर निघाली होती. पावसाने वाट अडली, मुक्कामी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे छिन साम्राज्यात उशिराला शिक्षा मृत्यूची. त्यांच्यातल्या चन शंग आणि वू क्वांग या दोघांनी हिशेब केला की बंडालाही शिक्षा मृत्यूचीच आहे. त्यांनी बंड केलं. थोड्याच वर्षांत ते साम्राज्य राहिलं नाही.

हाच घोळ मी स्वतः आमच्या रविवारच्या डावात घातला आहे. मी लिहिलेला नियम असा: ‘तीच चूक पुन्हा केल्यास दंड दर वेळी दुप्पट.’ पहिला दंड ५. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. वहीत ठरावाचा क्रमांक लिहायला ते विसरायचे. ५, १०, २०, ४०, ८०. पाचव्या विसरण्याला त्यांचे ३१ गुण उणे १२४ वर गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि जाहीर केलं, “आता माझं मत विकाऊ आहे.” पुढच्या फेरीत एका वडापावावर एक ठराव पास झाला, चहावर दुसरा पडला. जिंकणं हाताबाहेर गेलेला भिडू डावात बसवून ठेवणं म्हणजे काडेपेटी हातात देऊन गवताच्या गंजीवर बसवणं.

मी दुरुस्ती केली: दंडाने कुणाचेही गुण शून्याखाली जाणार नाहीत. दोनच आठवड्यांत शून्यावरचे दोघे मोकाट सुटले, कारण आता त्यांचं काही कापताच येईना. मग दुसरी दुरुस्ती: शून्यावर असलेल्याचा पुढच्या पाळीचा फासा जाईल, आणि दोन फेऱ्या चूक झाली नाही तर दंड पुन्हा ५ वर येईल. हे मात्र टिकलं आहे. परतीची वाट दिसत असेल तर माणूस सांभाळून चालतो.

आम्ही पाच जण खेळतो. चौघांनी मिळून नियम केला, ‘चष्मा असलेल्या भिडूचे दर फेरीला १५ गुण कापावेत.’ चष्मा फक्त मला आहे. मी म्हणालो ही चीटिंग आहे. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे, आम्हाला चष्मा लागला तर आमचेही कापू. वर म्हणतात, मागच्या तीन फेऱ्यांचेही द्यायचे.
— आठवीतला विद्यार्थी, सांगली

मित्रा, मागच्या तीन फेऱ्यांचा एकही गुण देऊ नकोस. नियम १०८ त्यांना उघडून दाखव. कोणताही बदल मतदान पुरं होण्याच्या आधीपासून लागू होत नाही, आणि हा नियम अचल आहे. शिवाय ही गोष्ट तुमच्या नागरिकशास्त्रात पुढे येईलच. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०नुसार, जे कृत्य केलं त्या वेळी कायद्याने गुन्हा नव्हतं त्यासाठी शिक्षा होत नाही, आणि त्या वेळी होती त्याहून जड शिक्षाही मागाहून लादता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या चौघांनी तुला सांगितली नसणार. नियम २०४ बघ. एकमताची अट गेल्यावर जो ठराव मंजूर होतो त्याच्या विरोधात मत देणाऱ्याला १० गुण मिळतात. तू विरोधात मत दिलं होतंस ना? ते १० आधी मागून घे. पुढेही त्यांनी तुझ्याविरुद्ध ठराव आणला की दर वेळी १० घे. हरणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावं ही सबर यांची सोय मला फार आवडते. आपल्या सभांतही ती यायला हरकत नाही.

आता चष्म्याचं. ‘सगळ्यांना सारखा’ हा शब्द तुझे मित्र फार हुशारीने वापरतात. नियमात नाव नसलं तरी तो एकाच नाकाच्या मापाने शिवला आहे. एका माणसाला धरून कायदा करून शिक्षा देण्याची चाल इंग्लंडच्या पार्लमेंटने एके काळी राजरोस वापरली. ती इतकी खुपली की अमेरिकेने आपल्या संविधानात तिच्यावर सरळ बंदीच घातली. तू असा ठराव मांड: ‘दंड भिडूने केलेल्या कृतीलाच लावता येईल, तो जसा आहे त्याला, किंवा त्याच्याजवळ जे आहे त्याला लावता येणार नाही.’ उशिरा आलास तर पुढच्या वेळी लवकर येता येतं. चष्मा काढून ठेवलास तर फळ्यावरचंही दिसायचं नाही.

या ठरावाला पाचांत तीन मतं लागतील, म्हणजे चौघांतले दोघे फोडायचे आहेत. त्यासाठी त्यांना हायपरबोलसची गोष्ट सांग. जुन्या अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर एकाचं नाव खरडायचे आणि ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त त्याला १० वर्षं शहराबाहेर जावं लागायचं. आरोप नाही, खटला नाही. मालमत्ता मात्र त्याचीच राहायची, आणि ६,००० मतांची अट होती. इसवी सनपूर्व ४१६च्या सुमारास निकियस आणि अल्किबियाडीस या दोन बड्या पुढाऱ्यांपैकी एक जण जाणार असं दिसू लागलं. दोघांनी गुपचूप हातमिळवणी केली, आपापल्या माणसांना तिसऱ्याचंच नाव लिहायला सांगितलं, आणि हायपरबोलस बाहेर गेला. त्यानंतर अथेन्सने ती पद्धत पुन्हा वापरली नाही. तुझ्या चौघांतल्या ज्याचे गुण सर्वांत जास्त असतील त्याला विचार, चष्मा संपल्यावर पुढचा नियम कशावर येईल? त्याच्या पायातल्या बुटांकडे बघून विचार.

आणि अगदीच असह्य झालं तर नियम ११३ आहे. दंड भोगण्याऐवजी डाव सोडण्याचा हक्क प्रत्येकाला नेहमी असतो. हरण्याहून वाईट वाटेल असा दंड लावता येत नाही, आणि वाईट वाटतं की नाही हे भोगणाऱ्यानेच ठरवायचं असतं. पण इतक्यात सोडू नकोस. १० गुण यायचे आहेत.

आमच्या वसतिगृहात ‘नियमभंग दाखवून देणाऱ्याला दंडाचे निम्मे गुण’ असा नियम केला. हेतू असा, की सगळे सावध राहतील. एका रात्रीत १४ तक्रारी आल्या, ठराव एकही नाही.
— कायद्याची विद्यार्थिनी, पुणे

कायद्याची विद्यार्थिनी आहात म्हणून थोडं कडक बोलते. दंडाचं कलम लिहिताना आपण गुन्हेगार डोळ्यांपुढे आणतो. आधी आणावा तक्रारदार. कलम वापरणार आहे तो, आणि ज्याला त्यात सर्वाधिक लाभ तोच ते सर्वाधिक वापरणार.

अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता, कोणीही नागरिक खटला भरू शकत असे. काही प्रकारच्या खटल्यांत वसुलीचा निम्मा वाटा फिर्यादीला मिळायचा, अगदी तुमच्यासारखाच. त्यातून खटले भरण्यावर पोट चालवणारी एक जमातच तयार झाली. त्यावरचा त्यांचा उतारा अभ्यासण्यासारखा आहे. सार्वजनिक स्वरूपाच्या खटल्यांत फिर्यादीला एकूण मतांच्या पाचव्या हिश्शाइतकीही मतं मिळाली नाहीत, तर त्याला १,००० द्राख्मा दंड आणि पुढे तसला खटला भरायला मनाई. नुसतं हरल्याबद्दल दंड नाही, हे ध्यानात घ्या. प्रामाणिक तक्रारही हरते. तिला शिक्षा केली तर खरं पाहिलेला माणूसही तोंड उघडणार नाही. शिक्षा होती ती जिच्यावर जवळपास कुणाचाच विश्वास बसला नाही अशा तक्रारीला.

तुमच्यात सात-आठ जणच असतील, तर ‘तक्रारदाराखेरीज एकालाही तक्रार पटली नाही, तर त्याचे ५ गुण’ एवढं पुरे. आणि तो निम्मा वाटा आजच काढा.

मग कापलेले गुण जायचे कुठे? कौटिल्याने यावर फार पूर्वी विचार केला आहे. ज्याचा दोष नाही त्याला राजाने दंड केला तर त्याच्या तीसपट रक्कम राजाने वरुणाला म्हणून पाण्यात सोडावी आणि मग ती ब्राह्मणांना द्यावी, असं अर्थशास्त्र सांगतं. शेवटच्या टप्प्यावर कुणाचा तरी फायदा झालाच, हे मान्य. पण रक्कम राजाच्या तिजोरीत परत येत नाही हे महत्त्वाचं. तुमचे गुणही पाण्यात सोडा. वहीत खोडा, कुणाच्याही खात्यावर चढवू नका. ज्या सोसायटीत दंडाची रक्कम गणपतीच्या वर्गणीत जमा होते, तिथे श्रावण लागला की वॉचमन शिट्टी घेऊन जिन्याजिन्यावर उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पंचावरच आरोप असेल तर निवाडा कुणी करायचा?
— एक वाचक, नागपूर

नियम २१२नुसार चाल करणाऱ्याच्या आधीचा भिडू पंच असतो. स्वतःच्या पाळीत कुणीच पंच होत नाही. त्याचा निर्णय फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं आणि तेही पुढची पाळी सुरू व्हायच्या आत. पंचाचा एक मित्र बाजूला बसला असेल तर ते एकमत कधीच होत नाही. म्हणून एक अट घाला: निवाड्यामुळे ज्याचे गुण वाढतील किंवा वाचतील, तो त्या निवाड्यापुरता पंच नाही. पंचपद मागच्या भिडूकडे जाईल. प्रत्येकाचाच स्वार्थ असेल तर नाणं उडवा. नाणं निदान कुणाच्या गटातलं नसतं.

गुण कापण्याखेरीज दुसरे काही दंड असतात का? आम्ही सगळे चाळिशीतले, कुणालाच गुणांचं फारसं पडलेलं नाही.
— मराठी मंडळातले काही जण, सिंगापूर

असतात, आणि तुमच्या वयाला शोभतील असे. ‘अगोरा’ नावाचा एक नोमिक १९९३पासून अखंड चालू आहे. त्यात माफीनाम्याची शिक्षा दिली गेली आहे, पण नुसतं ‘सॉरी’ म्हणून सुटका नसे. अपराध्याला काही शब्द नेमून दिले जात आणि ते सगळे वापरून माफीनामा लिहावा लागे. ‘भोपळा’, ‘व्याजदर’, ‘मावशी’ आणि ‘पश्चात्ताप’ हे चार शब्द एका माफीनाम्यात आणून बघा. या दंडाने अपराधी डावाबाहेर जात नाही, उलट त्या संध्याकाळपुरता तोच डाव होतो. एक काळजी मात्र घ्या. शब्द चारचौघांत वाचता येतील असेच असावेत, नाहीतर शब्द निवडणारा त्यातूनच सूड काढेल.

दंड किती यावर वाद असेल तर पुन्हा अथेन्स. ज्या गुन्ह्याची शिक्षा कायद्यात ठरलेली नसे, तिथे फिर्यादी एक शिक्षा सुचवी, आरोपी दुसरी. ज्यूरींनी त्या दोहोंतली एक निवडायची, मधला आकडा काढायचा नाही. त्यामुळे दोघेही भानावर राहतात. फार मागणाऱ्याची मागणी फेटाळली जाते, फार कमी सुचवणाऱ्याची सूचनाही. इसवी सनपूर्व ३९९मध्ये फिर्यादींनी मृत्युदंड मागितला आणि सॉक्रेटिसने आधी सुचवलं की शहराने आपल्याला सरकारी खर्चाने जेवू घालावं. मग तो एक मिना दंडावर आला आणि शेवटी मित्रांच्या हमीवर ३० मिनांवर. ज्यूरींना ते रुचलं नाही. तुमच्या डावात अशी जोखीम नाही, बिनधास्त वापरा.

माझा धाकटा नातू सहा वर्षांचा. त्याला कच्चा लिंबू ठेवलंय, म्हणजे त्याला दंड नाही. आता मोठी नातवंडं त्याच्याकडूनच नियम मोडून घेतात. काल त्याच्याकडून फासा दोनदा टाकवला आणि गुण थोरल्याने घेतले. कच्चा लिंबू बंद करावा का?
— एक आजोबा, रत्नागिरी

आजोबा, बंद करू नका. कच्चा लिंबू हा आपल्या अंगणातला फार शहाणा नियम आहे. ज्याला डाव पुरता कळत नाही त्याला पळू द्यावं, पण राज्य देऊ नये. बिघाड एवढाच आहे की नातवाला दिलेली माफी थोरल्याच्या खिशात गेली. लिहा: ‘कच्च्या लिंबाला दंड नाही, त्याच्या चुकीतून मिळालेले गुण कुणालाही नाहीत.’ दोनदा टाकवलेल्या फाशाचे गुण पाण्यात. उद्यापासून त्याला कुणी कामाला लावणार नाही.

पण तुमच्या पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली तुम्ही एक ओळ घातली आहे. ती मी दोनदा वाचली. धाकट्याने आपल्या पाळीला स्वतःचा पहिला ठराव मांडला, ‘माझे पण गुण कापा’, आणि मोठ्यांनी तो हसून पाडला. नियम २०६ काढा. ठराव पडला की मांडणाऱ्याचे १० गुण जातात, आणि हा दंड चुकीबद्दलचा नसून ठराव पडल्याबद्दलचा आहे, तेव्हा कच्च्या लिंबाची माफी त्याला लागत नाही. वहीत त्याच्या नावापुढे ‘उणे १०’ लिहा, शाईने, आणि त्याला दाखवा.